नँड ड्रायव्हर: रीड एरर आली की वरच्या थराला नेमकं काय कळवायचं?

कोरंपान

समांतर बसवरचा एसएलसी नँड (दर सेलला एक बिट ठेवणारी फ्लॅश मेमरी) आहे. पेज २०४८ + ६४ बाइट (हे ६४ म्हणजे ओओबी, पेजचा जोडभाग), एका ब्लॉकमध्ये ६४ पेजेस. कंट्रोलरमधलं बीसीएच इंजिन (चुकलेले बिट दुरुस्त करणारं हार्डवेअर) दर ५१२ बाइटांमागे ८ बिट दुरुस्त करतं, म्हणजे पेजला चार चंक आणि प्रत्येक चंकला १३ बाइट ईसीसी (दुरुस्तीसाठी साठवलेले जादा बाइट). लिनक्स कर्नल, वर यूबीआय (ब्लॉकांची झीज आणि बॅड ब्लॉक सांभाळणारा थर) आणि त्यावरची फाइल सिस्टीम यूबीआयएफएस.

माझा रीड पेज हुक (पेज वाचताना कर्नल बोलावतो ते फंक्शन) सध्या असा आहे: पेज डीएमएने (सीपीयूशिवाय थेट मेमरीत) आणतो, चारही चंकांचं स्टेटस वाचतो, दुरुस्त झालेल्या बिटांची बेरीज परत देतो. एखादा चंक दुरुस्तीपलीकडे असेल तर तिथूनच ईबॅडएमएसजी (-७४, दुरुस्त न होणारा डेटा) परत.

अडचणी:

पूर्ण पुसलेल्या चिपवर यूबीआय अटॅचच होत नाही. पीईबी ० (चिपवरचा पहिला भौतिक ब्लॉक) वरच एरर -७४ येते, ६४ बाइटांपैकी फक्त ० बाइट वाचल्याचं सांगून तीनदा पुन्हा प्रयत्न होतो, मग असर्ट फेल होऊन स्टॅक ट्रेस आणि शेवटी -५ (ईआयओ, सर्वसाधारण वाचन-लेखन एरर).

ईबॅडएमएसजीच्या जागी तात्पुरतं ० परत दिलं तर अटॅच होतं, फाइल सिस्टीमही चालते. पण दुरुस्त होण्याजोगे बिटफ्लिप (उलटलेले बिट) सापडले, ब्लॉक स्क्रब केला (डेटा दुसरीकडे नेऊन जुना ब्लॉक पुसला), डेटा हलवला, अशा ओळींचा लॉगमध्ये नुसता पाऊस. चिप नवी आहे.

आणि गंमत म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइसवरून डीडीने अख्खं पार्टिशन वाचलं तर एकही एरर नाही.

परत काय द्यायचं याचा नियम कुठे नीट सापडत नाहीये. शिवाय, रीड एरर आलेला ब्लॉक ड्रायव्हरनेच बॅड मार्क करायचा का?

---

कर्नलकर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण त्यात नुकसान कायमचं होतं: नाही. रीड एररवरून ब्लॉक बॅड मार्क करायचा नाही, ड्रायव्हरने तर मुळीच नाही. वाचताना दिसणारे बहुतेक बिटफ्लिप म्हणजे सेलमधला चार्ज सरकलेला असतो, सेल मेलेला नसतो. शेजारची पेजेस वारंवार वाचल्याने न निवडलेल्या वर्डलाइनवर पास व्होल्टेज पडत राहतं आणि थोडा थोडा चार्ज आत शिरतो, तो रीड डिस्टर्ब. नुसतं पडून राहिल्याने, त्यातही उष्णतेत, चार्ज गळतो. दोन्हींवर उपाय एकच, ब्लॉक पुसून पुन्हा लिहिणे. ब्लॉक बॅड ठरतो तो इरेज किंवा प्रोग्रॅमनंतर चिपच्या स्टेटसमध्ये फेल बिट आला तर, आणि तो निर्णयही यूबीआयला घेऊ द्या. प्रोग्रॅम फसला की यूबीआय त्यातला डेटा दुसरीकडे हलवतं आणि त्या ब्लॉकची टॉर्चर टेस्ट घेतं: पुसायचं, सगळं एफएफ आहे का बघायचं, एक पॅटर्न लिहून वाचायचा, असं ए५, ५ए आणि ०० या तीन पॅटर्नसाठी. त्यात नापास झाला तरच बॅड.

आता परत काय द्यायचं. तुमच्या हुकमध्ये दोन चुका आहेत आणि दोन्ही लक्षणं त्यातूनच आलीत.

पहिली चूक, ईबॅडएमएसजी स्वतः परत देणं. रॉ नँड कोअरची अपेक्षा अशी असते की दुरुस्त न होणारा चंक सापडला की ड्रायव्हरने एमटीडीच्या (कर्नलमधला फ्लॅशचा थर) ईसीसी स्टॅट्समधला फेल्ड काउंटर एकाने वाढवावा आणि पुढच्या चंकाकडे जावं. हुकने ऋण आकडा परत द्यायचा नाही. कोअर वाचनाआधी तो काउंटर टिपून ठेवतो, नंतर तुलना करतो आणि फरक दिसला तर शेवटी ईबॅडएमएसजी स्वतः तयार करतो. डेटा मात्र पूर्ण दिलेला असतो. तुम्ही ऋण आकडा दिलात की कोअर लूपमधून तिथेच बाहेर पडतो, त्या पेजचा एकही बाइट मोजला जात नाही. तुमच्या लॉगमधले ते «० बाइट» हेच.

यूबीआयचा करार असा आहे की ईबॅडएमएसजी म्हणजे «मागितलेलं सगळं वाचलं, पण त्यावर भरवसा नाही». ईबॅडएमएसजी आहे आणि लांबी मात्र कमी, असं दिसलं की ते ड्रायव्हरला बिघडलेला समजतं, असर्ट मारतं आणि त्याचं ईआयओ करून टाकतं. म्हणून -७४ चं -५ झालं. हेडर वाचताना -७४ आलं तर यूबीआय पुढे जाऊ शकतं, -५ आलं तर अटॅचच सोडून देतं.

आणखी एक तोटा: रीड रिट्रायचा (वेगळ्या सेटिंगने पुन्हा वाचायचा) लूपसुद्धा त्याच फेल्ड काउंटरवर चालतो. रिट्राय मोड असलेली चिप उद्या लावलीत तर तुमचा ड्रायव्हर पहिल्याच फटक्यात हार मानेल, बाकीचे मोड कोणी वापरून बघणारच नाही.

दुसरी चूक, बेरीज. परत द्यायचा आकडा म्हणजे त्या पेजमधल्या सर्वात वाईट चंकातले बिटफ्लिप. बेरीज जाते ती ईसीसी स्टॅट्सच्या करेक्टेड काउंटरमध्ये. कारण साधं आहे, ईसीसीची ताकद चंकामागे मोजतात. एमटीडी तुमचा आकडा बिटफ्लिप थ्रेशोल्डशी ताडून बघतं आणि तेवढा किंवा जास्त असेल तर ईयूक्लीन म्हणजे -११७ (दुरुस्त झालं, पण डेटा हलवायला हवा) वर पाठवतं. थ्रेशोल्ड तुम्ही भरला नसेल तर कोअर ताकदीचा तीन चतुर्थांश धरतो, ८ ला ६. आता चारही चंकांत प्रत्येकी २ बिट उलटले असतील तर पेज ठणठणीत आहे, प्रत्येक चंकाला अजून ६ बिटांची जागा आहे. तुम्ही मात्र ८ परत देता. ८ हे ६ पेक्षा मोठं, की आलं ईयूक्लीन, यूबीआयने ब्लॉक हलवला, जुना पुसला. नव्या चिपवर फुकटची झीज.

याच्या उलट, नेहमी ० देणारा ड्रायव्हरही बघायला मिळतो, आणि तो जास्त धोकादायक. लॉग स्वच्छ, सगळे खूश. स्क्रब कधीच होत नाही, बिट साचत जातात आणि पहिली बातमी येते ती थेट -७४ ची.

डीडीचं कोडं: एमटीडीच्या कॅरेक्टर डिव्हाइसचं रीड ईयूक्लीन आणि ईबॅडएमएसजी दोन्ही मुद्दाम गिळतं आणि डेटा देऊन टाकतं, खराब भागही डम्प करता यावा म्हणून. तेव्हा डीडीचा निकाल पुरावा धरू नका. नँडडम्प वापरा, तो ईसीसीचे काउंटर आधी आणि नंतर वाचून फरक सांगतो. नाहीतर सिसएफएसमधल्या त्या एमटीडीच्या फोल्डरमध्ये करेक्टेड_बिट्स आणि ईसीसी_फेल्युअर्स या फाइल्स बघा.

कंट्रोलर टाइमआउट किंवा डीएमए फसणं हा वेगळा प्रकार. डेटा आलाच नाही, तेव्हा तिथे ऋण एररच बरोबर, -११० (टाइमआउट) किंवा -५. तो प्रकार फेल्ड काउंटरमध्ये मिसळू नका.

---

शून्यमोज्या

वरचं सगळं केलंत तरी पुसलेल्या पेजवर -७४ येतच राहील, फक्त लांबी पूर्ण येईल. त्याचं मूळ वेगळं आहे.

पुसलेलं पेज म्हणजे डेटा एफएफ आणि ओओबीही एफएफ. पण ५१२ बाइट एफएफचा बीसीएच काढला तर तो १३ बाइट एफएफ येत नाही. त्यामुळे इंजिनच्या नजरेत डेटा आणि ईसीसी यांचा मेळ बसत नाही आणि ते «दुरुस्तीपलीकडे» म्हणून मोकळं होतं. सॉफ्टवेअर बीसीएचमध्ये ही अडचण नाही, तिथे ईसीसीवर एक मास्क चढवून पुसलेल्या पेजचा ईसीसी एफएफच येईल अशी सोय केलेली आहे. हार्डवेअरमध्ये ती सोय असेल तर असेल.

यूबीआयला याचा फटका असा की हेडर वाचताना -७४ आलं आणि मॅजिक नंबर (हेडरची ठरलेली खूण) जुळला नाही, तर ते «हे सगळं एफएफ आहे का» हे तपासायच्या आधीच हेडर खराब ठरवून मोकळं होतं. रिकामा ब्लॉक खराब ब्लॉकांच्या यादीत जातो.

उपाय: इंजिन फेल म्हणालं तर, आणि फक्त तेव्हाच, तो चंक पुसलेला आहे का ते बघायचं. कोअरमध्ये नँड_चेक_इरेज्ड_ईसीसी_चंक आहे, तेच वापरा. ते डेटा आणि ईसीसी बाइट मिळून किती बिट ० आहेत ते मोजतं. संख्या मर्यादेच्या आत असेल तर बफर एफएफने भरून तो आकडा बिटफ्लिप म्हणून परत देतं, जास्त असेल तर ईबॅडएमएसजी. मर्यादा म्हणून ईसीसीची ताकद द्या, इथे ८. मग आकडा धन असेल तर करेक्टेडमध्ये मिळवा आणि कमालमध्ये धरा, ऋण असेल तर फेल्ड वाढवा.

यात लोक चुकतात त्या जागा:

«पहिला बाइट एफएफ आहे ना, मग पुसलेलं» किंवा «सगळे बाइट तंतोतंत एफएफ हवेत» असली तपासणी. पुसलेल्या पेजमध्येही बिट उलटतात. एक बिट ० झाला की तंतोतंत तपासणी नापास, आणि यूबीआयएफएस रिकाम्या जागेला मोडलेली समजतं. ही चूक टेबलावर दिसत नाही, वर्षभराने फील्डमध्ये दिसते.

ईसीसी बाइट न मोजणं. कोणी मुद्दाम एफएफने भरलेला डेटा लिहिला असेल तर डेटा एफएफ पण ईसीसी एफएफ नाही. ते पेज पुसलेलं नव्हे. फक्त डेटा बघितलात तर खरी एरर झाकली जाईल आणि नंतर त्या पेजवर दुसऱ्यांदा लिहिलं जाईल.

इंजिनने हात लावलेल्या बफरवर तपासणी करणं. काही इंजिनं फेल म्हणायच्या आधी चुकीच्या ठिकाणचे दोन-चार बिट पलटवून ठेवतात. मोजायचे ते कच्चे बाइट. शंका असेल तर ईसीसी बंद करून तो चंक चिपच्या पेज बफरमधून पुन्हा काढा. पूर्ण रीड कमांड परत द्यायची गरज नाही, कॉलम बदलणं पुरतं. अर्थात मधे दुसरी रीड कमांड गेलेली नसावी.

स्क्रॅम्बलर. कंट्रोलर डेटा रँडमाइझ करत असेल तर पुसलेलं पेज डिस्क्रॅम्बल होऊन कचरा दिसतं. तपासणीपुरता तो बंद ठेवून वाचावं लागतं.

आणि हे पूर्ण पेजवर नाही, चंकाचंकावर करायचं. चार चंकांची मर्यादा एकत्र करून ३२ धरणारा कोड बघितला की पोटात गोळा येतो.

---

कोरंपान

दोघांचेही आभार. कमाल परत देतोय, फेल्ड वाढवतोय, पुसलेल्या चंकाची तपासणी घातली. स्क्रबचा पाऊस थांबला, कोरी चिप अटॅच झाली.

पण आता दोन नवीन प्रकार. एक, कोऱ्या ब्लॉकवर अजूनही अधूनमधून -७४ येते, दुसऱ्यांदा वाचलं की जाते. दोन, यूबीआयएफएस कधीतरी सीआरसी (डेटासोबत साठवलेला पडताळणीचा आकडा) चुकल्याचं सांगतं, पण त्या वेळी ईसीसीचा एकही काउंटर हललेला नसतो. चुकीचं आलेलं नोड डम्प करून बघितलं तर एक सलग ६४ बाइटांचा पट्टा जुन्याच कुठल्या तरी डेटाचा आहे, पुढेमागे सगळं बरोबर.

---

स्कोपधारी

काउंटर हलला नाही आणि सीआरसी चुकला, म्हणजे इंजिनमधून जाताना डेटा चांगला होता. बिघाड इंजिन आणि मेमरी यांच्या मधला. त्यात ६४ बाइटांचा सलग पट्टा. ६४ ही तुमच्या प्रोसेसरची कॅश लाइन (कॅश एका वेळी हाताळते तेवढा तुकडा) असणार. नँड निर्दोष आहे.

दोन जागा तपासा.

एक, बफर कुठून येतो. यूबीआयएफएस बऱ्याच ठिकाणी व्हीमॅलॉकचे बफर देतं. ते डीएमएला सरळ मॅप करता येत नाहीत, भौतिक पानं सलग नसतात. शिवाय बफर कॅश लाइनवर सुरू होत नसेल तर त्याच्या टोकाची लाइन दुसऱ्याच कुठल्या व्हेरिएबलबरोबर वाटून घेतलेली असते. चिपच्या ऑप्शन्समध्ये नँड_यूझेस_डीएमए लावा आणि बफ_अलाइनला कॅश लाइनची लांबी द्या. मग कोअर असला बफर आला की आपला बाउन्स बफर पुढे करतो आणि नंतर कॉपी करतो. थोडा वेग जातो, जाऊ दे.

दोन, अनमॅप (बफर डीएमएकडून सीपीयूकडे परत देणं) कधी करता. तुमचा पहिला प्रकार मला इथलाच वाटतो. क्रम बहुधा असा आहे: डीएमए संपला, स्टेटस वाचलं, फेल दिसलं, पुसलेल्या चंकाची तपासणी केली, आणि हुक संपताना डीएमए अनमॅप. म्हणजे तपासणी करताना सीपीयू कॅशमधला जुना डेटा वाचतोय. त्यात ० भरपूर, म्हणून «पुसलेलं नाही» असा निकाल. दुसऱ्या वेळी बफरमध्ये योगायोगाने एफएफ असतात आणि पास. तेव्हा आधी अनमॅप, मग बफरला हात. कर्नल बांधताना डीएमए एपीआय डीबग चालू ठेवा, मॅपिंगमधले बरेच घोटाळे तो स्वतःच ओरडून सांगतो.

पुढे कधी खऱ्या -७४ चा माग काढायचा असेल तर ही सोपी कसोटी ठेवा. नँडडम्पने ईसीसी बंद करून, ओओबीसकट, तेच पेज पाच वेळा काढा आणि फाइल्स एकमेकींशी ताडा.

बहुतेक चुकीचे बिट पाचही वेळा त्याच जागी असतील तर सेल. काठावरचा एखादा बिट इकडेतिकडे होतो, त्याचं मनावर घेऊ नका.

दर वेळी वेगळ्या जागी असतील तर बस किंवा टायमिंग. कंट्रोलर ओएनएफआय (नँड इंटरफेसचं मानक) टायमिंग मोड ० वर बांधून टाका, तिथे रीड सायकल १०० नॅनोसेकंदांची असते. एरर गेल्या तर मोड वाढवत जा आणि कुठे परत येतात ते बघा. मोड ४ आणि ५ मध्ये सायकल २५ आणि २० नॅनोसेकंदांवर येते आणि तिथे डेटा रीड एनेबलच्या पुढच्या फॉलिंग एजवर पकडावा लागतो. कंट्रोलरमध्ये ती ईडीओ सेटिंग राहिली की डेटा एका बाइटाने सरकलेला दिसतो. एक-दोन बिटांची चूक नसते ती, अख्खा चंकच चुकतो, आणि माणूस बिचारा चिपला दोष देत बसतो.

---

कर्नलकर

आता चाचणीचं. वाट बघून एरर येत नसतात, त्या पाडाव्या लागतात.

एमटीडी युटिल्समध्ये नँडबिटएर्स आहे. वाढत्या पद्धतीने चालवला की तो एक पेज लिहितो, मग एकेक बिट मुद्दाम पलटवून कच्चं परत लिहितो आणि ईसीसी लावून वाचतो. तुमच्याकडे ८ पर्यंत दुरुस्त झालं पाहिजे आणि ९ व्याला अपयश यायला हवं. ४ लाच थांबला तर इंजिनचं कॉन्फिगरेशन चुकलंय. ९, १०, ११ सगळं «दुरुस्त» दिसत असेल तर आनंद मानू नका, तुमचं कच्चं लेखन कच्चं नाही, त्यात ईसीसी परत मोजला जातोय. रीड रॉ आणि राइट रॉ आधी नीट करा, त्यावरच ही सगळी चाचणी उभी आहे. ब्लॉक पुसला जातो, तेव्हा कामाच्या पार्टिशनवर चालवू नका.

पुसलेल्या पेजची चाचणी वेगळी घ्या. ब्लॉक पुसा, नँडफ्लिपबिट्सने एका चंकात ८ बिट ० करा, वाचा. डेटा पूर्ण एफएफ, करेक्टेड ८ ने वाढलेला, फेल्ड जिथे होता तिथेच. नववा बिट ० केला की फेल्ड हललाच पाहिजे. शेवटी पूर्ण एफएफ लिहिलेल्या पेजवर हेच करून बघा.

नँडसिमवर (नँडचा सॉफ्टवेअर सिम्युलेटर) बिटफ्लिप घालून चाचणी करणारे दिसतात. त्याने यूबीआय कसं वागतं ते कळतं, तुमचा ड्रायव्हर त्यात येतच नाही.

---

शून्यमोज्या

एक भर. थ्रेशोल्ड सिसएफएसमधून चालू सिस्टीमवर बदलता येतो, बिटफ्लिप_थ्रेशोल्ड नावाची फाइल. चाचणीला १ करून स्क्रब होतोय का हे बघणं ठीक, पण विसरू नका, तसाच राहिला तर पुन्हा तो पाऊस. आणि ८ ला ८ ठेवायचा मोहही टाळा. मग ब्लॉक हलतो तो अगदी काठावर आल्यावर, आणि मधे महिनाभर वीज बंद राहिली तर नववा बिट अंधारात उलटतो.

उद्या एसपीआय नँडवर गेलात तर तिथे ईसीसी सहसा चिपच्या आत असतो आणि काही चिप्स स्टेटसमध्ये फक्त «दुरुस्त केलं» एवढंच सांगतात, किती ते नाही. तिथे कर्नल मुद्दाम पूर्ण ताकदीचा आकडा परत देतं, म्हणजे यूबीआय लगेच हलवेल. तो बग नव्हे, तो काढून १ परत देऊ नका.

---

कोरंपान

अनमॅप वर घेतला आणि बाउन्स बफर लावला. दोन्ही प्रकार गेले. नँडबिटएर्स ८ वर पास, ९ वर फेल. पुसलेल्या पेजची चाचणीही तशीच.

एकच राहिलं: जी फाइल वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही, तिच्यातले बिट साचत राहिले तर यूबीआय स्वतःहून बघतं का?

---

स्कोपधारी

नाही. जे वाचलं जातं तेवढंच त्याला कळतं. क्रॉनमधून ठरावीक अंतराने यूबीआय व्हॉल्यूमचं डिव्हाइस अखेरपर्यंत वाचून डेव्ह नलमध्ये टाका, यूबीआयएफएस माउंट असलं तरी चालतं. वाचन यूबीआयमधूनच जातं, त्यामुळे थ्रेशोल्ड ओलांडलेले ब्लॉक आपोआप स्क्रबच्या रांगेत लागतात. कच्च्या एमटीडीवरून वाचलंत तर काउंटर वाढतील, हलवणार कोणी नाही.

बूटलोडर ज्या कच्च्या पार्टिशनमध्ये आहे तिथे यूबीआय नाहीच. त्याच्या दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या ब्लॉकांत. करेक्टेडचा आकडा वाढताना दिसला की एक प्रत पुसून दुसरीवरून लिहा, ती वाचून पडताळा, मगच दुसरीला हात लावा.